अनंताची काडी

काडी मागायला आलीस, वैजू, तर बस जरा.
कात्री धुऊन आणते.
पेन्सिलीएवढी जाड, ना कोवळी ना जून,
डोळ्याच्या खाली तिरपा काप,
एवढं तुला कुणीही सांगेल.

आमच्या उद्यमनगरात पहाटे
सगळ्यांच्या आधी लोखंड उठतं.
तुळशीच्या पानावरसुद्धा काळी पूड,
पुसली तर दिवसभर बोटाला वास.
अशा ठिकाणी मला पांढरं फूल हवं होतं.
खुळीच होते.

कळंब्याच्या रोपवाटिकेतल्या रेहानानं बजावलेलं:
सकाळचं ऊन दे, दुपारचं नको.
पाय ओले चालतात, बुडलेले नाही.
आणि कळी धरली की कुंडी हलवायची नाही, बाई,
हा जातीचा मानी,
जागा बदलली की कळ्या टाकतो.

मी हलवली नाही.
तरी त्यानं अकरा कळ्या टाकल्या.
हिरव्या, घट्ट पिळलेल्या,
आटे पाडलेल्या स्क्रूसारख्या.
मग पानं पिवळी. शिरा तेवढ्या हिरव्या,
आजाऱ्याच्या मनगटावर दिसतात तशा.
चहाचा चोथा घातला. आंबट ताक घातलं.
दृष्टही काढली. हसू नकोस.

खताच्या दुकानातल्या मगदूमांनी
पान उजेडात धरलं.
"लोह कमी पडलंय."
उद्यमनगरात?
"मातीत हाय की वैनी, रग्गड हाय.
पण ही आपली काळी माती,
त्यात तुमच्या बोअरचं चुनखडीचं पाणी.
कुलूप लावून बसतीया. मुळाला देत न्हाई."

तो 'कुलूप' शब्द मी पिशवीत घालून घरी आणला.

ह्यांचं तेव्हा न बोलण्याचं चौथं वर्ष.
म्हणजे बोलायचे: मीठ, गॅस, लाईटबिल.
लेथवर बोट गेलं त्या दिवसापासून
बाकीचं सगळं आतच.
जेवताना मी भिंतीला सांगावं तसं सांगितलं,
अनंताला लोखंड हवं म्हणे.
ते उठले, हात धुतला, झोपले.

पुढच्या आठवड्यात कुंडीच्या काठाशी तांबूस डाग.
उकरलं तर लेथचा कीस,
कुरळा, निळसर,
तेल जाईस्तोवर साबणानं धुतलेला,
मातीखाली नीट निजवलेला.
डब्याच्या भाजीच्या कप्प्यातून
रोज मूठभर येत होता म्हणे.
आणि मी कप्पा घासताना
कटाचा तवंग समजत होते.

आता खरं सांगते.
तसल्या किसानं लगेच काही होत नाही.
गंजायला, मुळापर्यंत पोचायला वर्षं जातात.
झाड सुधारलं ते दिरानं टेंपोतून आणलेल्या
गगनबावड्याच्या लाल मातीनं,
रात्री भरून ठेवलेल्या नळाच्या पाण्यानं,
आणि मगदूमांच्या पुडीतल्या चिमूटभर औषधानं.
हे मी ह्यांना सांगितलेलं नाही.
तूही सांगू नकोस.

मेच्या अखेरीस एक फूल.
रात्रपाळीहून आले ते, दारातच थांबले,
चपला न काढता वाकले.
"कसला वास गं," म्हणाले,
"कूलंटच्या वर येतोय."
मी गॅस बारीक केला,
आणखी काही बोलतील म्हणून.
बोलले नाहीत.
पण आंघोळीला जायचे ते
उंबऱ्यावरच बसून राहिले.

दुसऱ्या दिवशी फूल लोण्यासारखं पिवळं होतं.
होतंच. घाबरू नकोस.
बहर सरल्यावरच छाटायचं,
उशीर केलास तर पुढच्या वर्षीच्या कळ्या कापशील.
पिठ्या ढेकूण दिसला तर ओल्या फडक्यानं पूस.

घे काडी. खालची पानं काढ.
वाळू आणि लाल माती निम्मी निम्मी,
वरून प्लास्टिकची पिशवी, तिला दोन भोकं.
मुळं फुटली का म्हणून
महिनाभर ओढून बघायचं नाही.

आणि हे, कागदात बांधलेलं.
तू येणार कळल्यावर ह्यांनी सकाळीच काढून ठेवलंय,
धुऊन.
घाल कुंडीत.
काही बिघडत नाही त्यानं.